घटक ४ : बालाघाटातील मध्ययुगीन देऊळ – रचना, इतिहास आणि शब्द

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• मध्ययुगीन दगडी देवळाचे प्रमुख भाग ओळखता येतील व त्यांची मराठी नावे सांगता येतील.
• 'हेमाडपंती' या शब्दाची व्याप्ती आणि मर्यादा स्पष्ट करता येईल.
• देवळाच्या बांधणीतील ऐतिहासिक थर आणि मराठी शब्दसंग्रहातील थर यांचा परस्परसंबंध दाखविता येईल.
• शिलालेखातील भाषेवरून तत्कालीन समाजाविषयी काय कळते व काय कळत नाही, याची चर्चा करता येईल.
• आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूची शास्त्रीय नोंद करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण मराठी भाषेच्या जडणघडणीचा विचार ग्रंथांच्या आधारे केला. या घटकात आपण पुस्तक बाजूला ठेवून दगडाकडे वळणार आहोत. भाषेच्या अभ्यासक्रमात देवळाच्या बांधणीचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, जुन्या मराठीचे सर्वांत विश्वसनीय पुरावे कागदावर नसून दगडावर आहेत. ग्रंथाची नक्कल होते, नक्कल करणारा आपल्या काळाची रूपे त्यात मिसळतो. कोरलेले अक्षर मात्र ज्या काळी कोरले त्याच काळाचे राहते. आणि ज्या दगडावर ते अक्षर असते, तो दगड बहुधा एखाद्या देवळाचा, मठाचा किंवा दानभूमीच्या सीमेचा असतो. म्हणून देऊळ वाचता आल्याशिवाय लेखही नीट वाचता येत नाही.

आपण बीड जिल्ह्याचे उदाहरण घेणार आहोत. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या या जिल्ह्यात अंबाजोगाई, परळी, धर्मापुरी आणि खुद्द बीड येथे मध्ययुगीन वास्तू आहेत. बीड येथील कंकालेश्वराचे देऊळ जलाशयाच्या मध्यभागी उभे आहे. धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर त्याच्या बाह्य भिंतीवरील शिल्पांसाठी ओळखले जाते. अंबाजोगाईत तर देवळे, लेणी आणि शिलालेख एकाच गावात पाहावयास मिळतात. याखेरीज अनेक लहान गावांत शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी किंवा गावठाणात काळ्या दगडाचे एखादे पडके देऊळ असते. कदाचित तुमच्याही गावात असेल. हा घटक वाचताना ते देऊळ डोळ्यांसमोर ठेवावे.

४.३ विषय विवेचन

४.३.१ देवळाचा आराखडा

देऊळ हे मूलतः देवाचे घर आहे. 'देवकुल' या संस्कृत शब्दापासून प्राकृतात 'देउल' आणि त्यापासून मराठीत 'देऊळ' हा शब्द आला. या व्युत्पत्तीतच वास्तूचे मर्म आहे. युरोपातील खेडेगावातल्या मध्ययुगीन चर्चशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. त्या चर्चचा सर्वांत मोठा भाग म्हणजे लोकांनी एकत्र उभे राहून प्रार्थना करण्याचे लांबट दालन. त्याला 'नेव्ह' म्हणतात, आणि हे नाव लॅटिनमधील 'जहाज' या अर्थाच्या शब्दाशी जोडले जाते. तेथे सबंध गाव एका वेळी आत यावे, अशी रचना असते. आपल्याकडील देवळात भक्त एकेकटा येतो, दर्शन घेतो आणि परततो. त्यामुळे येथे वास्तूचा केंद्रबिंदू विस्तीर्ण दालन हा नसून लहान, अंधारा, एकच दार असलेला गाभारा हा आहे.

बाहेरून आत जाताना भाग साधारणपणे पुढील क्रमाने येतात. प्रथम मुखमंडप, म्हणजे प्रवेशाची छोटी पडवी. तिच्या दोन्ही बाजूंस बसण्यासाठी दगडी कट्टे असतात. त्यानंतर सभामंडप अथवा रंगमंडप. शिवमंदिर असल्यास याच्या मध्यभागी किंवा बाहेर स्वतंत्र मंडपात नंदी असतो. सभामंडप आणि गाभारा यांना जोडणारा अरुंद भाग म्हणजे अंतराळ. आणि शेवटी गाभारा. काही देवळांत एकाच सभामंडपाला दोन किंवा तीन दिशांनी गाभारे जोडलेले असतात.

उभ्या छेदात पाहिले तर खालून वर असे भाग दिसतात : ज्या ओट्यावर सारी वास्तू उभी असते ती जगती, तिच्यावर आडव्या थरांचे पीठ, त्यावर मूर्तींनी सजलेली भिंत, म्हणजे मंडोवर, आणि सर्वांत वर शिखर, आमलक व कळस. पिठाच्या थरांत कीर्तिमुखांची पट्टी, हत्तींची रांग म्हणजे गजथर, माणसांची रांग म्हणजे नरथर असे प्रकार आढळतात. भिंतीवरील सुरसुंदरींना शिल्पशास्त्राने वेगवेगळी नावे दिली आहेत. आरसा पाहणारी ती दर्पणा, मृदंग वाजविणारी ती मर्दला, पत्र लिहिणारी ती पत्रलेखा. अकराव्या-बाराव्या शतकांतील शिल्पकाराला लेखन करणारी स्त्री हा कोरण्याजोगा विषय वाटला, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शिखराचे अनेक प्रकार आहेत. दख्खनच्या उत्तर भागात त्यांपैकी 'भूमिज' प्रकार विशेष रुजला. यात शिखराच्या चार बाजूंनी वरपर्यंत जाणाऱ्या चार पट्ट्या असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती आडव्या-उभ्या ओळींत बसविलेल्या असतात. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर हे याचे उत्तम उदाहरण होय. मराठवाड्यातील अनेक देवळांची मूळ शिखरे मात्र आज उरलेली नाहीत. त्यांच्या जागी नंतरच्या काळातील विटा-चुन्याची बांधणी दिसते किंवा सपाट छप्पर दिसते.

४.३.२ चुन्यावाचून दगड कसा उभा राहतो?

या देवळांच्या भिंतींत दोन दगडांच्या मध्ये चुना अथवा अन्य कोणताही सांधा भरलेला नसतो. दगडांचे पृष्ठभाग इतके नीट घडविलेले असतात की, ते एकमेकांवर घट्ट बसतात. जेथे सरकण्याची शक्यता असते तेथे एका दगडाला खाच आणि दुसऱ्याला त्या खाचेत बसणारा उंचवटा ठेवलेला असतो. बाकी सारे काम वजन करते. वरचा दगड खालच्याला दाबून धरतो.

या पद्धतीची एक मर्यादा आहे आणि त्या मर्यादेतूनच देवळाचे रूप घडले आहे. बेसाल्टचा दगड दाब उत्तम सोसतो. पण त्याची लांब तुळई करून दोन टोकांवर ठेवली आणि वर भार दिला, तर ती मध्ये वाकण्याऐवजी तुटते. म्हणून दोन खांबांतील अंतर फार वाढविता येत नाही. मोठा मंडप हवा असेल तर खांबांची संख्या वाढवावी लागते. खांबाच्या माथ्यावर चारी बाजूंना पुढे आलेले हस्त असतात आणि त्यांवर पोट फुगवून, हात वर करून छत तोलणाऱ्या बुटक्या आकृती कोरलेल्या असतात. त्यांना कीचक म्हणतात. हे हस्त शोभेचे वाटले तरी ते तुळईच्या आधारामधील अंतर कमी करतात. ज्याला आपण अलंकरण समजतो, ते पुष्कळदा बांधकामाचे गणित असते.

छताचीही हीच कथा. चौकोनी जागेच्या चार कोपऱ्यांवर चार तिरपे दगड ठेवले की मध्ये लहान, तिरका चौकोन उरतो. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा चार दगड ठेवले की आणखी लहान चौकोन उरतो. अशा रीतीने जागा आक्रसत जाते आणि शेवटी एका दगडाने ती झाकता येते. त्या शेवटच्या दगडाच्या तळाशी बहुधा कमळ कोरलेले असते. दुसऱ्या प्रकारात दगडांची वर्तुळे एकावर एक, प्रत्येक वेळी थोडी आत सरकवून रचतात. खालून पाहणाऱ्याला तो घुमट वाटतो. मात्र खरी कमान आणि खरा घुमट यांत दगड पाचरीसारखे एकमेकांना बाजूने रेटून धरतात. तो प्रकार या देवळांत नाही. हा फरक पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

आपली प्रगती तपासा – १
१. सभामंडपात खांबांची संख्या जास्त का असते?
२. अंतराळ म्हणजे काय?
३. चर्चमधील मोठे दालन आणि देवळातील गाभारा यांतील फरक उपासनेच्या पद्धतीशी कसा जोडता येईल?

४.३.३ 'हेमाडपंती' हा शब्द

तुम्ही गावातील कोणालाही विचारले की हे देऊळ कोणत्या काळातले, तर दोनपैकी एक उत्तर मिळेल. पहिले, पांडवांनी एका रात्रीत बांधले; दुसरे, हेमाडपंती आहे. पहिले उत्तर लोककथा आहे हे आपण लगेच ओळखतो. दुसरे उत्तर मात्र इतिहास वाटतो, आणि म्हणून ते अधिक फसवे आहे.

हेमाद्री अथवा हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप होता. महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याने हे पद सांभाळले. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे. चुना न वापरता बांधलेल्या दगडी देवळांना त्याचे नाव मिळाले आणि ते इतके रूढ झाले की, आज कोणतेही काळ्या दगडाचे जुने देऊळ 'हेमाडपंती' ठरते.

आता कालक्रम पाहा. अंबरनाथ येथील शिवमंदिरातील लेख शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. त्या वेळी हेमाद्रीच्या कारकिर्दीला सुमारे दोनशे वर्षांचा अवकाश होता. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता इ.स. ९७३ पासून बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली आणि मराठवाड्यातील अनेक देवळे त्यांच्या काळातील आहेत. अंबाजोगाई येथील शके ११५०, म्हणजे इ.स. १२२८ चा लेख यादव राजा सिंघण याच्या काळातील आहे. तोही हेमाद्रीच्या आधीचा. म्हणजेच ज्या पद्धतीला हेमाद्रीचे नाव लागले, ती त्याच्या जन्मापूर्वीच परिपक्व झाली होती.

तर मग हा शब्द चुकीचा म्हणून टाकून द्यावयाचा का? भाषाभ्यासक असे करीत नाही. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने नव्हे, वापराने ठरतो. 'हेमाडपंती' याचा प्रचलित अर्थ 'चुन्यावाचून रचलेले जुने दगडी बांधकाम' असा आहे आणि त्या अर्थाने तो शब्द निर्दोष आहे. दोष घडतो तो त्याला कालदर्शक मानण्यात. बांधणीची पद्धत सांगताना तो वापरावा. काळ सांगताना वापरू नये. कारण तसे केल्याने चालुक्यांचा सारा कालखंड, त्या काळची कन्नड-मराठी सरमिसळ आणि अनेक दात्यांची नावे एका मंत्र्याच्या नावाखाली झाकली जातात.

४.३.४ नावातील दाता

अंबाजोगाईचे प्राचीन नाव आंबे. निजामाच्या राजवटीत त्यास मोमिनाबाद म्हणत. सिंघण राजाचा सेनापती खोलेश्वर याचा या गावाशी निकटचा संबंध होता. त्याच्या घराण्याविषयीचे संस्कृत लेख येथे मिळाले आहेत. त्यांतून कळते की, खोलेश्वराचा मुलगा राम हा गुजरातवरील स्वारीत नर्मदेच्या तीरी लढताना मारला गेला. रामाचा मुलगा अल्पवयीन असल्यामुळे खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी हिने कारभार सांभाळला आणि भावाच्या स्मरणार्थ देऊळ उभारले. हा काळ इ.स. १२४० च्या सुमाराचा. आपण ज्यास स्थापत्याचा नमुना म्हणतो, त्याच्या मुळाशी कधी कधी एका बहिणीचा शोक असतो, हे या लेखामुळे आपणास कळते. लेख नसता तर उरले असते ते केवळ 'एक हेमाडपंती देऊळ'.

नावांची घडण येथे लक्षात घ्यावी. मध्ययुगात दाता आपल्या किंवा आपल्या आप्ताच्या नावापुढे 'ईश्वर' वा 'नारायण' हे पद जोडून देवाला नाव देत असे. सिन्नरच्या गोंदेश्वराचा संबंध परंपरेने 'गोविंद' या नावाशी जोडला जातो. अंबाजोगाईत आजही खोलेश्वर मंदिर आहे. सामान्य भाविकाला खोलेश्वर हे देवाचे नाव वाटते. प्रत्यक्षात ते एका सेनापतीचे नाव आहे. माणूस विसरला गेला आणि नाव देवाकडे राहिले.

याच्या उलट लोकांनी दिलेली नावे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून पडतात. अंबाजोगाईतील सकलेश्वर मंदिराला लोक बाराखांबी म्हणतात. तेथील खडकात कोरलेल्या शिवलेण्याला, आवारातील दगडी हत्तींमुळे, हत्तीखाना हे नाव पडले. 'खाना' हा फारसी प्रत्यय जोडलेला असल्यामुळे हे नाव लेण्याहून बरेच अलीकडचे आहे, असे अनुमान आपण करू शकतो. योगेश्वरी देवीचा परळीच्या वैजनाथाशी होणारा विवाह मुहूर्त टळल्यामुळे मोडला आणि आलेल्या वऱ्हाडाचे दगड झाले, ही कथाही याच लेण्याशी जोडतात. कथा इतिहास नव्हे; पण दगडांतील आकृती लोकांनी कशा वाचल्या, याचा ती पुरावा आहे.

४.३.५ शिलालेखाची भाषा आणि 'करविणे'

मध्ययुगीन लेखांत भाषांची वाटणी दिसते. राजाची वंशावळ आणि स्तुती बहुधा संस्कृतात. देण्याघेण्याचा व्यवहार लोकभाषेत. जळगाव जिल्ह्यातील पाटण येथील शके ११२८ (इ.स. १२०६) च्या लेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची हकीकत संस्कृतात आहे, तेलाच्या घाण्यांवरील व बाजारातील देणी सांगणारा भाग मात्र मराठीत आहे. ज्याने तेल द्यावयाचे त्याला ते कळले पाहिजे, हे त्यामागील साधे कारण. चालुक्यांच्या काळात मराठवाड्यात व्यवहाराचे लेख कन्नडातही कोरले गेले. धर्मापुरीसारख्या गावी कन्नड लेख सापडतात ते त्यामुळेच. आज ज्याला आपण भाषिक सीमा म्हणतो, ती त्या काळी अशी रेखीव नव्हती.

मराठी कोरीव लेखांपैकी श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेला लेख तुम्हाला परिचित आहे. त्यातील क्रियापद आहे 'करवियलें'. 'चावुण्डराजें' म्हणजे चामुंडराजाने, तृतीया विभक्ती. आणि 'करवियलें' म्हणजे करविले, 'करणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप. त्याच ठिकाणच्या कन्नड ओळीत 'माडिसिदं' असे रूप आहे आणि तेही प्रयोजकच आहे. दुसऱ्या मराठी ओळीत गंगराजाने 'सुत्ताले' करविल्याचा उल्लेख आहे. 'सुत्तु' म्हणजे भोवती या कन्नड शब्दापासून झालेला हा वास्तुवाचक शब्द असून मूर्तीभोवतालचे आवार असा त्याचा अर्थ आहे.

या प्रयोजक रूपाकडे जरा थांबून पाहू. 'करणे' आणि 'करविणे' यांत काम एकच असते; पण 'करविणे' मध्ये दोन माणसे असतात. एक करविणारा, दुसरा प्रत्यक्ष करणारा. व्याकरणदृष्ट्या दुसऱ्याचा उल्लेख ऐच्छिक आहे; 'राजाने पाथरवटांकडून देऊळ करविले' असेही म्हणता येते. लेखांनी बहुधा तो पर्याय वापरला नाही. ज्याने खर्च केला त्याला तृतीया विभक्ती मिळाली. ज्याने छिन्नी धरली त्याला वाक्यात जागा मिळाली नाही. व्याकरणातील ही रिकामी जागा म्हणजे आपल्या इतिहासातील एक मोठी रिकामी जागा आहे. तो पाथरवट कोण होता, कोणती बोली बोलत होता, कीचकाच्या फुगलेल्या पोटाला तो काय म्हणत होता, हे लेख सांगत नाही. पण त्याचे काही शब्द आपल्या तोंडी उरले आहेत.

आपली प्रगती तपासा – २
१. 'हेमाडपंती' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरावा व कोणत्या अर्थाने टाळावा?
२. पाटणच्या लेखात दोन भाषा का वापरल्या असाव्यात?
३. 'करवियलें' या रूपाचे व्याकरण लिहा.

४.३.६ शब्दांचे थर, बांधणीचे थर

एखादे जुने देऊळ क्वचितच एका काळाचे असते. आता त्याचे थर आणि शब्दांचे थर शेजारी ठेवून पाहू.

पहिला थर मूळ बांधणीचा. येथील शब्द संस्कृतातून प्राकृतामार्गे घासून आलेले आहेत. 'गर्भागार' पासून गाभारा, 'स्कंभ' पासून खांब, 'कलश' पासून कळस, 'अपवरक' पासून ओवरी. वास्तुग्रंथांत दाराच्या खालच्या आडव्या भागाला 'उदुंबर' म्हणत. त्याचाच उंबरा व उंबरठा झाला. 'राजकुल' पासून आलेला 'राऊळ' हा शब्द आधी राजवाड्याचा वाचक होता. पुढे देवाच्या वाड्यालाही तो लागला आणि आज केवळ देवळाच्या अर्थानेच उरला. स्तंभ, स्थपती, वितान असे तत्सम शब्द ग्रंथांत राहिले. खांब, उंबरठा, कळस हे शब्द घराघरांत राहिले. घासलेला शब्द हा वापरलेला शब्द असतो, देवळाच्या झिजलेल्या पायरीसारखा.

दुसरा थर कन्नड संपर्काचा. देवळाच्या आवारात उभ्या असलेल्या वीरगळांकडे पाहा. तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्याशी सूर्य-चंद्र. 'वीरगळ' हा शब्द कन्नड 'वीरगल्लु' यावरून आला. 'कल्लु' म्हणजे दगड. मात्र सादृश्यावरून निष्कर्ष काढताना सावध असावे. 'गधेगाळ' या शापशिळेच्या नावातील 'गाळ' काही अभ्यासक याच 'कल्लु'शी जोडतात, तर काही तो शिवी या अर्थाच्या शब्दाशी जोडतात.

तिसरा थर सुलतानी व मराठा काळांचा. इ.स. १३१८ च्या सुमारास यादवांची सत्ता संपली. नंतरच्या शतकांत कमान, चुन्याचा गिलावा आणि खरा घुमट यांचे तंत्र दख्खनमध्ये रुळले. तंत्रासोबत शब्दही आले. 'मेहराब' वरून महिरप, 'गुंबद' वरून घुमट; शिवाय नगारखाना. अठराव्या शतकात पुष्कळ देवळांचा जीर्णोद्धार झाला. परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर यांनी केला. तुमच्या गावच्या देवळात काळ्या दगडाच्या चौकटीवर विटा-चुन्याचे शिखर आणि पुढे महिरपीची ओवरी असेल, तर तेथे दोन काळ एकमेकांना टेकून उभे आहेत असे समजावे. गाभाऱ्यापुढे महिरप असणे हे जितके स्वाभाविक, तितकेच 'गाभारा' आणि 'महिरप' हे शब्द एका वाक्यात येणेही स्वाभाविक आहे. मराठीने दोहोंनाही सारखेच आपले केले.

चौथा थर आपल्या डोळ्यांदेखत चढत आहे. त्याचे शब्द आहेत टाइल, ग्रॅनाइट, ऑइलपेंट.

४.३.७ चौथ्या थराविषयी

काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातीलच एका लहान गावी मी एका देवळात गेलो होतो. सभामंडपाच्या तुळईवर अडीच ओळींचा लेख होता. उजेड कमी होता. चार-पाच अक्षरे लागली, एक क्रियापद लागल्यासारखे वाटले. पुढच्या खेपेला नीट ठसा घेऊ, असे ठरवून मी परतलो. पुढची खेप दोन वर्षांनी झाली. त्या वेळी सारा मंडप ऑइलपेंटने चकचकीत रंगविलेला होता आणि तुळईवर वर्गणीदारांची नावे सुरेख अक्षरांत लिहिलेली होती. ज्यांनी रंग दिला त्यांनी तो श्रद्धेने, पदरमोड करून दिला होता. मला दाखविताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. दोष देण्याजोगे काही असेल तर ते माझे 'पुढची खेप' होते.

त्या तुळईवर एक दाता दुसऱ्या दात्यावर लिहिला गेला. दोघांनीही 'करविले'. फरक इतकाच की, पहिल्याचे नाव आता कोणालाच वाचता येणार नाही.

देऊळ ही जिवंत वास्तू आहे. तेथे पूजा होते, दिवा लागतो, दुरुस्तीही व्हावयास हवी. तिला संग्रहालय करून टाकावे, असे येथे सुचवावयाचे नाही. पण दुरुस्तीपूर्वी नोंद व्हावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. ही नोंद करण्यास सर्वांत योग्य व्यक्ती बाहेरून येणारा अभ्यासक नसून त्याच गावात राहणारा विद्यार्थी आहे. मुक्त विद्यापीठाचे तुम्ही विद्यार्थी नोकरी, शेती, घरकाम सांभाळून शिकता आणि गावोगाव विखुरलेले आहात. इतक्या ठिकाणी एकाच वेळी उपस्थित असणे कोणत्याही संशोधन संस्थेला शक्य नाही.

४.४ सारांश

मध्ययुगीन देऊळ हे गाभाऱ्याभोवती उभारलेले देवाचे घर असून त्याची रचना दगडाच्या गुणधर्माने आणि उपासनेच्या पद्धतीने ठरली आहे. 'हेमाडपंती' हा शब्द बांधणीची पद्धत सांगतो, काळ सांगत नाही. देवांच्या नावांत दात्यांची नावे दडलेली असतात. अंबाजोगाईचा खोलेश्वर हे त्याचे उदाहरण. लेखांतील प्रयोजक क्रियापद करविणाऱ्याची नोंद ठेवते, करणाऱ्याची ठेवत नाही. संस्कृत-प्राकृत, कन्नड, फारसी-अरबी आणि इंग्रजी असे शब्दांचे थर देवळाच्या बांधणीच्या थरांशी जुळतात. चौथा थर चढताना आधीचे थर पुसले जाऊ नयेत यासाठी नोंद आवश्यक आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

जगती – देवळाखालील विस्तृत ओटा.
मंडोवर – पीठ व शिखर यांमधील भिंतीचा भाग.
कीचक – खांबाच्या माथ्यावरील भार तोलणारी आकृती.
भूमिज – लघुशिखरांच्या ओळींनी घडलेला शिखराचा प्रकार.
प्रयोजक क्रियापद – दुसऱ्याकडून क्रिया करवून घेतल्याचा बोध करणारे क्रियापद.
ठसा – ओला कागद दगडावर बसवून त्यावर शाईने घेतलेली लेखाची प्रत.

४.६ सरावासाठी प्रश्न

१. मध्ययुगीन देवळाचे आडव्या व उभ्या रचनेनुसार भाग सांगून प्रत्येकाचे कार्य स्पष्ट करा.
२. 'शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने नव्हे, वापराने ठरतो.' 'हेमाडपंती' व 'राऊळ' या शब्दांच्या आधारे चर्चा करा.
३. शिलालेख हे इतिहासाचे साधन म्हणून कोणाविषयी बोलतात व कोणाविषयी मौन बाळगतात?

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा जवळच्या एका जुन्या देवळाची नोंद पुढीलप्रमाणे करा.
१. गाभारा, अंतराळ, मंडप यांची पावलांनी मापे घेऊन साधा आराखडा काढा. खांब मोजा.
२. चुना असलेले व नसलेले बांधकाम आराखड्यात वेगळे दाखवा.
३. लेख आढळल्यास त्यावर खडू, तेल, पीठ काहीही लावू नका. तारेच्या ब्रशने अथवा रसायनाने धुऊ नका. सकाळी किंवा सायंकाळी तिरपा उजेड पडत असताना छायाचित्र घ्या. रात्री बाजूने बॅटरीचा झोत टाकल्यास अक्षरे अधिक उठून दिसतात. ठसा घेण्याचे काम जाणकारांवर सोपवा आणि लेखाची माहिती राज्य पुरातत्त्व विभागास कळवा.
४. गावातील ज्येष्ठ मंडळी, पुजारी आणि दगडाचे काम करणारे कारागीर यांना भेटा. देवळाच्या प्रत्येक भागाला ते काय म्हणतात, हे त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या. दगड फोडणे, घडविणे, बसविणे यांसाठीची क्रियापदे व हत्यारांची नावे विशेष काळजीने नोंदवा. शेजारी सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, अवश्य लिहा.

शेवटची सूचना विसरू नका. मागच्या लेखांत करणाऱ्याचे नाव राहून गेले. तुमच्या वहीत तरी ते राहू नये.